भाई रामसिंग : सुतार, शिल्पज्ञ आणि प्राचार्य (१८५८–१९१६)

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात जुना आहे. आजवर बहुधा आपल्याच प्रांतातील, आपल्या ओळखीच्या आडनावांची माणसे आपण त्यासाठी निवडीत आलो. यंदा आम्ही वाचकांस जरा दूर, पंजाबात नेणार आहोत. ज्यांचे चरित्र येथे सांगावयाचे आहे ते भाई रामसिंग धर्माने शीख व भाषेने पंजाबी. मराठी मुलखाशी त्यांचे नातेगोते काही नाही. परंतु रंधा, करवत आणि पटाशी हेच ज्यांचे वडिलोपार्जित धन, अशा घराण्यात ते जन्मले, आणि त्या धनाच्या बळावर त्यांनी लाहोर व अमृतसर या नगरांतील मोठमोठ्या इमारतींचे आराखडे केले, इंग्लंडच्या राणीच्या प्रासादातील एक दालन नखशिखान्त सजविले, आणि ज्या शाळेत विद्यार्थी म्हणून पाऊल टाकले त्याच शाळेचे प्राचार्यपद भूषविले. सुताराचा धंदा ज्यांच्या घरात आजही चालतो, किंवा आजोबांच्या काळापर्यंत चालत होता, त्यांस हा पुरुष परका वाटू नये.

रामसिंग यांचा जन्म १८५८ साली गुरदासपूर जिल्ह्यात बटाल्याजवळच्या रसूलपूर नावाच्या खेड्यात झाला. पंजाबात सुतारास तरखाण म्हणतात. शीख पंथातील तरखाण, लोहार, गवंडी इत्यादी कारागीर मंडळी स्वतःस रामगढिया म्हणवितात. हे नाव अठराव्या शतकातील सरदार जस्सासिंग रामगढिया (१७२३–१८०३) यांच्यावरून आले. हे सरदारही जन्माने तरखाणच. अमृतसरच्या रक्षणासाठी बांधलेली रामगढ ही गढी त्यांच्या ताब्यात होती. तिच्यावरून त्यांस रामगढिया हे उपपद मिळाले आणि पुढे साऱ्या कारागीर समाजाने ते अभिमानाने धारण केले. म्हणजे ज्या समाजात रामसिंग वाढले, त्या समाजास हातातील वाकस आणि कमरेची तलवार या दोहोंचीही आठवण होती. शीखांमध्ये भाई ही आदराची पदवी आहे. आपल्याकडील नातेवाचक भाई नव्हे, एवढे येथे सांगून ठेवतो.

बाळपणीच ते अमृतसरास आले व तेथील सुतारकाम शिकविणाऱ्या शाळेत दाखल झाले. त्या काळची एक आख्यायिका पंजाबात सांगतात. अमृतसरच्या डेप्युटी कमिशनर साहेबांच्या मडमेचा पियानो बिघडला. ते परदेशी वाद्य दुरुस्त करणारा जवळपास कोणी नव्हता. तेव्हा हा पोरसवदा सुतार पुढे झाला, त्याने वाद्य उलगडले, आतील रचना पाहून समजून घेतली आणि ते पुन्हा वाजते करून दिले. तेव्हापासून साहेबलोकांचे त्याच्याकडे लक्ष गेले, असे म्हणतात. आख्यायिकेचा भरवसा किती धरावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु न पाहिलेल्या वस्तूची घडण उलगडून समजून घेण्याची ही वृत्ती त्यांच्या पुढील सर्व कामात दिसते, म्हणून आम्ही ती येथे नमूद केली.

आता कथेचा धागा काही काळ मुंबईकडे वळवावयास हवा. १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग नावाचे एक इंग्रज गृहस्थ मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत शिल्प शिकविण्यासाठी आले. प्रख्यात लेखक रुडयार्ड किपलिंग हे यांचेच चिरंजीव. त्यांचा जन्मही त्याच वर्षी मुंबईत झाला. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आताची महात्मा जोतिबा फुले मंडई, हिच्या दर्शनी कमानींवर शेतकऱ्यांची व कष्टकरी मंडळींची जी उठावाची शिल्पे आहेत ती या लॉकवुड किपलिंगांची. आपल्यापैकी कित्येकांनी भाजीची पिशवी हाती घेऊन त्या कमानींखालून शेकडो वेळा ये-जा केली असेल, पण मान वर करून पाहणारे थोडेच. असो. १८७५ साली किपलिंग मुंबई सोडून लाहोरला गेले. अंदमानात १८७२ साली मारले गेलेले व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या स्मरणार्थ तेथे मेयो कलाशाळा निघाली होती. तिचे ते पहिले प्राचार्य झाले आणि लाहोरच्या वस्तुसंग्रहालयाचा कारभारही त्यांच्याकडे आला. त्या शाळेच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत रामसिंग होते.

किपलिंग यांचे धोरण ध्यानात घेण्याजोगे आहे. कारागिरांच्या मुलांनी आपला पिढीजात धंदा सोडून कारकुनीकडे वळावे अशी त्यांची इच्छा नव्हती. सुताराचा मुलगा सुतारच व्हावा, मात्र त्यास रेखन उत्तम यावे, अक्षरज्ञान व्हावे आणि आपल्याच मुलखातील जुन्या उत्तम कामांची माहिती व्हावी, असे त्यांचे मत होते. यासाठी ते विद्यार्थ्यांना शहरातील जुन्या वास्तूंपुढे नेऊन बसवीत. लाहोरात वजीरखानाची मशीद म्हणून शहाजहान बादशहाच्या काळातील एक वास्तू आहे. तिच्या भिंती रंगीत कौलांच्या नक्षीने व चित्रकामाने मढविलेल्या आहेत. ती वास्तू हाच त्या मुलांचा चित्रकलेचा ग्रंथ झाला. मोजमाप घ्यावयाचे, ते प्रमाणात कागदावर उतरावयाचे, मग तीच आकृती लाकडात अथवा चुन्यात करून पाहावयाची, असा तो अभ्यास होता.

येथे थोडे थांबून पंजाबी सुतारकामाविषयी लिहिणे आम्हांस अवश्य वाटते, कारण रामसिंग यांच्या थोरवीचे मूळ तेथे आहे. आपल्याकडे पुण्याच्या वाड्यांतून सुरूदार खांब, महिरपी, केळफुले आणि कोरीव तुळया दिसतात. हे काम बव्हंशी अखंड लाकडात कोरून काढलेले. पंजाबात कोरीव काम आहेच, पण त्याजबरोबर पिंजरा नावाची एक जाळी असते, तिची जात निराळी. लाकडाच्या बारीक पट्ट्यांचे तुकडे ठराविक कोनांत कापून, त्यांस खाचा पाडून ते एकमेकांत अशा रीतीने बसवितात की षट्कोन, अष्टकोन, तारे अशा आकृतींची जाळी तयार होते, आणि ती चुकेने वा सरसाने नव्हे तर तुकड्यांच्या परस्परांवरील दाबाने उभी राहते. एक तुकडा केसभर लहान पडला तर सारी जाळी खिळखिळी होते. ज्या मुलाने हे काम बापाच्या हाताखाली केले आहे, त्यास भूमिती वेगळी शिकवावी लागत नाही. त्यास हवा असतो तो फक्त कागद, पेन्सिल आणि गुण्याचे कागदावरील भावंड. मेयो शाळेने रामसिंगांच्या हाती हे दिले. जो हात एक खिडकी आखीत होता तो भिंत आखू लागला, मग भिंतीवरील छत, आणि अखेर सारी इमारत.

शाळेतील शिक्षण पुरे होताच ते तेथेच शिक्षक झाले. शाळेचे कामही केवळ पाठ देण्याचे नव्हते. बाहेरून मागण्या येत. टेबल, खुर्च्या, पडदे, दरवाजे, भिंतींचे तक्ते यांचे आराखडे शाळेत होत व काम विद्यार्थ्यांकडून आणि शहरातील कारागिरांकडून करवून घेतले जाई. आजकाल मुंबईत वास्तुशास्त्रज्ञ एका कचेरीत, अंतर्गत सजावटीवाला दुसऱ्या कचेरीत आणि शोभेच्या मूर्ती वा दिवे करणारा तिसरीकडे, अशी वाटणी झाली आहे. लाहोरच्या त्या शाळेत ही तिन्ही कामे एकाच छपराखाली आणि पुष्कळदा एकाच माणसाच्या हातून होत. तो माणूस म्हणजे रामसिंग.

राणी व्हिक्टोरियाचे तिसरे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट हे लष्करी नोकरीनिमित्त हिंदुस्थानात राहिले होते. १८८६ ते १८९० या काळात तर ते मुंबई लष्कराचे सेनापती होते. त्यांस लाहोरचे लाकूडकाम फार आवडले. इंग्लंडात सरे परगण्यातील बॅगशॉट पार्क या आपल्या निवासस्थानी बिलियर्ड खेळण्याचे दालन हिंदी पद्धतीने सजवावे अशी त्यांनी मागणी केली. किपलिंग आणि रामसिंग यांनी आराखडे केले. कोरीव तक्ते पंजाबात तयार झाले आणि जहाजाने विलायतेस रवाना झाले. हजारो कोसांवरच्या, स्वतः न पाहिलेल्या खोलीच्या भिंतींसाठी केवळ मापांच्या आधाराने तक्ते घडवावयाचे, हे काम ज्यांनी कधी दुसऱ्या गावच्या घराची चौकट इथे बसून केली आहे त्यांस समजेल.

हे दालन पाहून खुद्द राणीस तसेच काही आपल्याकडे असावे असे वाटले. वाइट बेटावरील ऑसबोर्न हा तिचा आवडता प्रासाद. तेथे मेजवान्यांसाठी व समारंभांसाठी मोठे दालन नव्हते. १८९० साली त्याला नवी बाजू जोडावयास आरंभ झाला आणि तिच्यातील मुख्य दालन दरबार दालन म्हणून हिंदी पद्धतीने सजविण्याचे ठरले. किपलिंग यांस लाहोर सोडून तेथे दीर्घकाळ राहणे शक्य नव्हते. त्यांनी आपल्या जागी रामसिंगांचे नाव सुचविले, आणि १८९१ च्या आरंभी तेहतिशीच्या आतील हा पंजाबी सुतार त्या थंड बेटावर जाऊन दाखल झाला.

या दालनाची घडण मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. बॅगशॉटचे काम लाकडाचे होते. येथे मात्र भिंती आणि छत यांचे बहुतेक काम गिलाव्याचे. रामसिंग मूळ आकृती स्वतः तयार करीत. त्यांवरून लंडनच्या जॅक्सन या नामांकित पेढीचे कारागीर साचे घेऊन ओतीव काम करीत. काही भाग कापडाचा आधार दिलेल्या गिलाव्याचा, तर काही कागदाचा लगदा, खडू आणि सरस यांच्या मिश्रणाचा. एवढे विस्तीर्ण काम सारेच लाकडात कोरावयाचे म्हटले असते तर किती वर्षे लागली असती, याचा अंदाज आपल्यापैकी जाणत्यांनी करावा. सुताराने लाकडाचा हट्ट धरला नाही. पटाशीचे वळण चुन्यात उतरविले. खोल चौकटींचे नक्षीदार छत, वाद्यवृंदासाठी सज्जा, दारावर गणपती आणि शेगडीवरच्या भिंतीवर पिसारा फुलविलेला मोर, अशी ती रचना आहे. त्या मोराचे काम सर्वांत अवघड गेले असावे. पिसाऱ्यातील पीस अन् पीस वेगळे दिसते. विलायतेच्या राजवाड्यात, एका शीख कारागिराच्या हातून, दारावर गणपती बसला, ही गोष्ट आम्हांस मोठी मौजेची वाटते.

दोनेक वर्षे रामसिंग तेथे राहिले. राणी त्या दिवसांत अब्दुल करीम या मुन्शीकडून हिंदुस्तानी शिकत होती. कामाची प्रगती ती वेळोवेळी जातीने पाहत असे. तिने ऑस्ट्रियन चित्रकार रुडॉल्फ स्वोबोदा याजकडून १८९२ साली रामसिंगांचे तैलचित्र काढवून घेतले. राजेरजवाड्यांची चित्रे काढविणे ही नेहमीची गोष्ट. ज्याने छत केले त्याचे चित्र त्याच वाड्यात लागावे, हे क्वचित. परकीय सत्ताधीशांच्या चाकरीत केलेल्या कामाचा एवढा गौरव कशास, असे आपल्यातील काही तरुण विचारतील. त्यांस आमचे एवढेच म्हणणे की, ज्यांनी पेशव्यांचे वाडे बांधले त्यांसही धन्याची निवड करावयास मिळाली नव्हती. कारागिराने पाहावयाचे ते काम.

विलायतेस जाण्याच्या आधी आणि नंतर रामसिंग यांनी मायदेशी जे केले ते, आमच्या मते, ऑसबोर्नहून मोठे. लाहोरच्या राजकुमार महाविद्यालयाचा, म्हणजे पुढील एचिसन कॉलेजचा, पाया १८८६ साली बसला. त्याचा आराखडा जयपूरचे प्रसिद्ध अभियंते स्विंटन जेकब आणि रामसिंग या दोघांच्या कल्पनांच्या मेळातून झाला. १८९० साली लाहोरच्या नव्या वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसली आणि त्यालगत मेयो कलाशाळेची स्वतःची इमारत उभी राहिली. लाल विटांचे बांधकाम, कमानी, घुमट, जाळ्या आणि छत्र्या यांचा संगम त्या इमारतींत दिसतो. १८९२ साली अमृतसरास खालसा कॉलेजची स्थापना झाली. त्याच्या भव्य इमारतीचा आराखडाही रामसिंगांचाच. विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाब विद्यापीठाचे सभागृह आणि लायलपूरचे कृषि महाविद्यालय यांची भर पडली. यांतील प्रत्येक ठिकाणी विटेचा उपयोग त्यांनी लाकडासारखा केला आहे. भाजलेल्या मातीच्या जाळीत पिंजऱ्याच्या आकृती आहेत, कमानीच्या कडा रंध्याने काढल्यासारख्या सफाईदार आहेत. ज्यांनी केवळ पुस्तकातून वास्तुविद्या शिकली त्यांस हे साधत नाही असे नव्हे, परंतु क्वचित साधते.

आता एका कटू विषयाकडे वळणे भाग आहे. या इमारतींचे श्रेय कोणाचे? लाहोरातील अनेक वास्तूंबरोबर सर गंगाराम (१८५१–१९२७) यांचे नाव घेतले जाते. ते सरकारी बांधकाम खात्यातील थोर अभियंते व मोठे दानशूर गृहस्थ. वस्तुसंग्रहालयाचे बांधकाम त्यांच्या देखरेखीखाली झाले आणि त्यांच्या लौकिकास आम्ही यत्किंचितही बाधा आणू इच्छीत नाही. इतर ठिकाणी किपलिंग यांचे नाव पुढे येते. स्वतः किपलिंग यांनी आपल्या शिष्याचे काम कधी लपविले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण लोकांच्या स्मृतीत पैसा खर्चणारा राहतो, अधिकारी राहतो, कोनशिला बसविणारा पाहुणा तर दगडातच राहतो. कागदावर पहिली रेघ ओढणारा मात्र राहत नाही. आपल्या गावोगावच्या देवळांचे सभामंडप कोणी बांधले, हे आपल्याच वडीलधाऱ्यांस विचारून पाहावे. देणगीदारांची नावे संगमरवरावर आहेत. खांब कोरणाऱ्याचे नाव सांगणारे गावात दोन वृद्ध उरले असले तर नशीब.

शाळेतील बढतीच्या बाबतीतही तोच अनुभव आला. १८९३ साली किपलिंग निवृत्त झाले. रामसिंग तोवर शाळेतील सर्वांत अनुभवी शिक्षक, राणीचे काम करून आलेले, इमारतींचे रचनाकार. तरी प्राचार्यपदावर विलायतेहून आलेले गृहस्थ बसले. प्रथम अँड्र्यूज, त्यांच्यामागून १८९९ पासून पर्सी ब्राउन. हे दोघेही विद्वान होते, आणि ब्राउन यांनी पुढे हिंदी वास्तुकलेवर लिहिलेले ग्रंथ अजूनही अभ्यासले जातात. परंतु रामसिंग उपप्राचार्यपदीच राहिले. ब्राउन कलकत्त्यास गेल्यावर, १९१० साली, पन्नाशी ओलांडल्यानंतर त्यांस प्राचार्यपद मिळाले आणि १९१३ साली ते निवृत्तही झाले. किपलिंग गेल्यापासून सतरा वर्षे वाट, आणि तीन वर्षे अधिकार. सरकारने त्यांस सरदार बहादूर हा किताब दिला, राजघराण्याने व्हिक्टोरियन पदक दिले. किताब देणे सोपे असते, खुर्ची देणे कठीण. १९१६ साली त्यांचे देहावसान झाले.

आम्ही सारी हयात शाळामास्तरकीत घालविली, म्हणून एक गोष्ट येथे लिहितो. वाचकांस ती विषयांतर वाटल्यास क्षमा असावी. आमच्या शाळेत आपल्या ज्ञातीची मुले पुष्कळ येत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांत ती वरचा नंबर काढीत. हातात वळण असे ते घरचेच. तरी चित्रकलेचा तास गणितासाठी घ्यावयाचा हा सर्वत्र प्रघात, आणि त्यास पालकांची संमती असे, किंबहुना आग्रह असे. मुलगा कचेरीत चिकटला म्हणजे घराचे पांग फिटले, ही समजूत. तीत त्या पालकांचा दोष नाही. ज्या धंद्यात नाव राहत नाही आणि पैसाही राहत नाही, त्यात मुलास कोण लोटील? आपले मंडळ दरवर्षी शालान्त परीक्षेतील गुणांवर पारितोषिके देते, ते उत्तमच. चित्रकला, काष्ठकाम, वास्तुरेखन यांत नैपुण्य दाखविणाऱ्यासाठीही एखादे ठेवावे आणि त्यास भाई रामसिंग यांचे नाव द्यावे, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे या लेखाद्वारे नम्रपणे मांडीत आहोत. तिचा विचार व्हावा.

रामसिंग यांच्या मागे त्यांची कामे मात्र टिकली. १९४७ साली देशाची फाळणी झाली; लाहोर व लायलपूर पाकिस्तानात गेले, अमृतसर भारतात राहिले, आणि एका माणसाच्या हातच्या इमारती दोन देशांत वाटल्या गेल्या. मेयो कलाशाळेचे १९५८ साली राष्ट्रीय कला महाविद्यालय झाले आणि ती लाहोरात चालू आहे. ऑसबोर्न प्रासाद राणीच्या मृत्यूनंतर तिच्या पुत्राने राष्ट्रास दिला. तेथील दरबार दालन आता कोणासही तिकीट काढून पाहता येते, आणि स्वोबोदाने काढलेले चित्रही सुरक्षित आहे. २००६ साली लाहोरच्या परवेझ वांडल व साजिदा वांडल या वास्तुशास्त्रज्ञ दांपत्याने रामसिंग यांच्यावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. एका शीख सुताराचे विस्मृत श्रेय लाहोरच्या मुसलमान दांपत्याने शोधून काढावे, हे त्यांस भूषणावह आहे.

लाहोरला जाणे आपणांस आज सुलभ नाही. पण आपल्यापैकी अनेक कुटुंबे सुवर्णमंदिराच्या दर्शनासाठी अमृतसरास जातात आणि तेथून अटारीच्या सरहद्दीवरील संध्याकाळचे संचलन पाहावयास मोटारीने निघतात. त्याच रस्त्यावर, शहर सोडता सोडता, खालसा कॉलेजची लालसर इमारत लागते. मोटारवाल्यास सांगून तेथे पंधरा मिनिटे थांबावे. घरातील जो कोणी अजून रंधा हाती धरीत असेल, त्यास कमानींच्या जवळ जाऊन जाळीचे सांधे पाहू द्यावेत.